चाल कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका व्हिडिओवरून दोन दिवस वाद चालला. पडदा मधोमध दुभागलेला. डावीकडे १९५० च्या 'समाधी' या हिंदी चित्रपटातले 'गोरे गोरे', उजवीकडे 'चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको' हे इंग्रजी गाणे. दोन्हींची पंधरा-पंधरा सेकंदे आणि वर लाल अक्षरांत 'चोरी पकडली'. झाले! निम्म्या घराने 'गोरे गोरे'चे संगीतकार सी. रामचंद्रांना चोर ठरवले. उरलेले निम्मे, विशेषतः आमचे काका, चिडून म्हणाले की कलेत कसली आली मालकी, गाणे गोड आहे ना, मग ऐका आणि गप्प बसा. मी सगळा वाद वाचला आणि मला एकाच गोष्टीचे वाईट वाटले. त्या उजवीकडच्या गाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. ते कोणी गायले, कुठून आले, पंधरा सेकंदांनंतर त्यात काय होते, हे विचारावेसे एकालाही वाटले नाही. चोरी म्हणणाऱ्यांना ते फक्त पुरावा म्हणून हवे होते आणि बचाव करणाऱ्यांना ते समोरच नको होते. मूळ गाणे ऐकले मात्र कोणीच नाही.

माझे म्हणणे असे की आवडत्या संगीतकाराने कुठून काय उचलले हे कळले, की तिथून जुन्या गाण्यांकडे जाणारी एक वाट सुरू होते, आणि जुन्या लोकप्रिय संगीतापर्यंत पोचायला याहून चांगली वाट मला माहीत नाही. त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून 'चोर, चोर' ओरडणे जितके वाया, तितकेच 'वाट वगैरे काही नाहीच' म्हणून दार लावून घेणेही वाया.

शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत आपण असे वागत नाही. नवा गवई दिसला की पहिला प्रश्न असतो, 'बुवा कोणाचे?' गुरूचे नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. अमुक तान अमुक खाँसाहेबांची, तमुक बंदिश तमुक घराण्याची, हे ऐकणाऱ्याला ओळखता आले तर तो जाणकार ठरतो. तिथे उसनवारी उघड असते आणि तिचा मान असतो. मग तोच माणूस चित्रपटगीताकडे वळला की फौजदार का होतो? जे गाणे लाखो लोकांच्या तोंडी बसते, ते आकाशातून पडलेले असावे अशी आपली अपेक्षा का असते?

बरे, आपल्या लोकप्रिय संगीतालाही उघड उसनवारीची सवय होती. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवेल: पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि त्यांच्या शेजारी 'चाल'. चाल अमक्या ठुमरीची, तमक्या लावणीची, एखाद्या कानडी पदाची, पारशी रंगभूमीवरच्या एखाद्या गाण्याची. आमच्या आजीकडे पिवळ्या पडलेल्या कागदाचे, दोऱ्याने शिवलेले असे एक पुस्तक होते. पद म्हणण्याआधी ती चालीची ओळ मोठ्याने वाचायची, जणू तो पदाचाच भाग. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग १८८० सालचा. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्राचे सर्वांत लोकप्रिय संगीत हे असे, चालीचा पत्ता कपाळावर लिहून वावरत होते. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे वळण दिले, ते लोकांनी डोक्यावर घेतले, आणि या चाली बनारस-लखनौकडच्या वळणाच्या आहेत हे सांगण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. गणपतीच्या मेळ्यांची आणि भजनी मंडळांची पुस्तके अशीच. गाण्याच्या वर 'चाल' आणि पुढे एखाद्या चित्रपटगीताचे नाव. ती ओळ कबुलीजबाब नव्हती. ती गाणाऱ्याची सोय होती: मूळ येत असेल तर हे लगेच म्हणता येईल, आणि येत नसेल तर आधी ते ऐकून या.

चित्रपट आला आणि ही ओळ गळली. आपले काम एवढेच, की ती आपल्या हाताने पुन्हा लिहायची.

'गोरे गोरे'चेच पाहा. उजवीकडचे गाणे कार्मेन मिरांडाने १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकी चित्रपटात गायले आणि एडमंडो रॉसच्या बँडनेही ते ध्वनिमुद्रित केले. मिरांडा पोर्तुगालमध्ये जन्मलेली, रिओमध्ये वाढलेली. रॉस मूळचा त्रिनिदादचा, बँड चालवायचा लंडनमध्ये. म्हणजे आपल्या त्या 'चोरी'च्या मागे ब्राझील, कॅरिबियन बेटे, हॉलिवूड आणि लंडन एवढा पसारा आहे. मूळ पूर्ण ऐकल्यावर सी. रामचंद्रांनी काय केले तेही नीट कळते. मुखड्याची उडी त्यांनी सरळ उचलली आहे, यात शंका नको. पण गाणे त्यांनी दोन बायकांच्या छेडाछेडीचे केले, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्यात वाटून दिले, आणि राजेंद्र कृष्णांच्या शब्दांमुळे ते इथल्या गल्लीतले वाटू लागले. (याच अमीरबाईंची बहीण गोहरबाई बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होती. वाटेवर अशी माणसे भेटतात.) ही तुलना पंधरा सेकंदांत होत नाही. त्यासाठी दोन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकावी लागतात.

याच्या पुढच्याच वर्षी सी. रामचंद्रांच्याच संगीताचा 'अलबेला' आला. भगवानदादांचा तो नाच आणि त्यामागचा तो ब्रास! 'शोला जो भडके' माझ्या कानात लहानपणापासून आहे. पण ते बाँगो, तो ट्रंपेट मुंबईत कुठून आला हे मी चाळिशीपर्यंत कधी विचारले नव्हते. विचारले तेव्हा पहिले नाव मिळाले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातला त्याचा वाटा मोठा होता आणि 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावर दिसतोसुद्धा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच सुरांची लिपी वाचायला शिकवत. ती पोरे पोटासाठी मुंबईला आली, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा स्टुडिओत. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवायचा आणि यांच्यातला कोणीतरी ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते वाटून द्यायचा.

आणि चिक चॉकलेट कोणाला ऐकत होता? लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकी जॅझमधला थोर ट्रंपेटवादक) म्हणत, ते उगाच नव्हे. इथून वाट समुद्रापार जाते, पण हवेतून जात नाही, माणसांमधून जाते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकी वादक कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्यानंतरच्या वर्षांत तिथे टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवादक वाजवत असे. हा वेदरफर्ड १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात खुद्द आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवून आलेला. मुंबईतल्या गोवेकर वादकांना जॅझ नुसता तबकडीवरून मिळाला नाही. ज्यांनी तो घडताना पाहिला, अशांकडून हातोहात मिळाला. भगवानदादांच्या त्या मोजक्या पावलांच्या नाचापासून शिकागोपर्यंत मधली माणसे किती? तीन किंवा चार. हे मला समजले त्या दिवशी 'अलबेला'ची गाणी माझ्यासाठी लहान झाली नाहीत, कितीतरी मोठी झाली.

सी. रामचंद्रांपासून दुसरीही एक वाट फुटते आणि ती बरोबर उलट दिशेला जाते. पुणतांब्यात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकला. विनायकबुवा पलुस्करांचे शिष्य, आणि सुमारे दहा वर्षे ते गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका करत होते. म्हणजे 'गोरे गोरे'चा आणि 'अनारकली'चा संगीतकार एका बाजूने ताजच्या डान्स फ्लोअरला जोडलेला आणि दुसऱ्या बाजूने बालगंधर्वांच्या 'स्वयंवर' या संगीत नाटकाला! ही वाट धरून मी बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला बसले. 'नाथ हा माझा' जेमतेम तीन-चार मिनिटांचे, खरखर इतकी की पहिल्यांदा मी मध्येच बंद केले. दुसऱ्यांदा लावले ते सी. रामचंद्रांसाठी, त्यांच्या गुरूंनी हे रोज विंगेतून ऐकले असेल या विचाराने. तिसऱ्यांदा लावले तेव्हा मात्र सी. रामचंद्र डोक्यात नव्हते. बालगंधर्व एकच शब्द घेतात, त्याला हलकेच एका अंगाने फिरवतात, मग दुसऱ्या, आणि समेवर असे येतात जणू वाटेत ती सहज भेटली. यमन मी आयुष्यभर ऐकला आहे. तो इतका बोलका असू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

आता विरोधी बाजू. तिच्याकडे कच्चे मुद्दे आहेत तसे पक्केही आहेत, आणि पक्क्यांना उत्तर द्यायलाच हवे.

सर्वांत पक्का मुद्दा पैशाचा आणि नावाचा. प्रभाव, प्रेरणा असले गोड शब्द वापरून आपण खऱ्या लुटीवर पांघरूण घालतो, असा तो आक्षेप, आणि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये 'एम्बुबे' हे गाणे मुद्रित केले. त्याचे हक्क गेले दहा शिलिंगांत. तेच पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' होऊन जगभर वाजले. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला आणि त्याच्या मुलींना तडजोडीत काही मिळायला २००६ साल उजाडले. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या १९६९ च्या गाजलेल्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये विली डिक्सन या अमेरिकी ब्लूज गीतकाराचे शब्द होते. त्यासाठी त्याला दावा लावावा लागला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. असल्या ठिकाणी 'कलेत मालकी नसते' म्हणणे मला क्रूर वाटते. आमच्या काकांशी माझा मतभेद इथेच आहे. ज्याचे आहे त्याचे नाव लागलेच पाहिजे, पैसा मिळालाच पाहिजे.

पण मग नाव लावायचे कोण शोधणार? लिंडाचे नाव बाहेर आले ते कोणीतरी त्या प्रसिद्ध गाण्याच्या मागे मागे जोहान्सबर्गपर्यंत गेले म्हणून. माग काढणे आणि न्याय मागणे यांच्यात भांडण नाहीच, पहिल्याशिवाय दुसरे होत नाही. आणि आपल्याकडची मोठी लूट कोणती? कार्मेन मिरांडाला जगाने भरभरून नाव आणि पैसा दिला होता. ज्यांची नावे खरोखर बुडाली ते आपल्याच स्टुडिओतले गोवेकर अरेंजर आणि वादक. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत. दुभागलेल्या पडद्यावर चोरी पकडणाऱ्यांना ही चोरी कधी दिसत नाही, कारण ती पंधरा सेकंदांच्या तुकड्यात मावत नाही. ती दिसते फक्त जो 'हे वाजवले कोणी?' असे विचारत मागे मागे जातो त्याला.

दुसरा आक्षेप असा की या वाटेने गेलेला माणूस पूर्वजांना नातवाच्या चष्म्यातूनच पाहतो. हे होते, नाकारण्यात अर्थ नाही. डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाच्या १९७० च्या 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'चे उदाहरण प्रसिद्ध आहे. निर्वाणा या बँडने १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टीव्ही मैफलीत ते गायले, आणि नंतर खुद्द बोवी ते गाऊ लागला की पोरे येऊन म्हणायची, निर्वाणाचे गाणे गायलात, छान केलेत! अशी पोरे चष्मा लावूनच राहिली. पण त्याच मैफलीचा शेवट निर्वाणाच्या कर्ट कोबेनने लेड बेलीच्या गाण्याने केला, आणि आपला सर्वांत आवडता गायक म्हणून त्याचे नाव घेऊन केला. १८८८ मध्ये जन्मलेल्या, तुरुंगात दिवस काढलेल्या त्या कृष्णवर्णीय गायकाकडे जाणारी वाट त्या रात्री किती तरुणांना पहिल्यांदा दिसली असेल? चष्म्याचा दोष खरा, पण चष्म्याशिवाय त्यांना लेड बेली दिसलाच नसता. माझा स्वतःचा अनुभव वर सांगितलाच. बालगंधर्वांचे दार सी. रामचंद्रांनी उघडले. आत गेल्यावर ते बाजूला झाले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. ज्यांना प्रसिद्ध वारस मिळाले त्यांच्यापर्यंतच ही वाट जाते. ज्यांचे कोणी अनुकरण केले नाही, ज्यांचे गाणे त्यांच्याबरोबरच संपले, त्यांचे काय? मी कबूल करते की त्यांच्यासाठी ही वाट पुरत नाही. त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक हवेत, आकाशवाणीच्या फिती जपणारे हवेत, खेड्यापाड्यांत फिरून गाणी गोळा करणारे हवेत. पण ज्यांच्या तोंडी हा आक्षेप असतो ते पर्याय कोणता देतात? बहुतेक वेळा यादी. 'ऐकायलाच हवीत अशी शंभर जुनी गाणी.' त्या यादीतही विस्मरणात गेलेले कोणी नसते, तीच ती नावे असतात. आणि यादीत एक मोठी उणीव असते: एक गाणे दुसऱ्याला का लागून आले याला काही कारण नसते. 'तुम्हाला जुन्याची कदरच नाही' असे म्हणत पोरांच्या हातात यादी देणे म्हणजे पाहुण्यांच्या घोळक्यात मुलाला सोडून 'सगळ्यांच्या पाया पड' म्हणण्यासारखे आहे. तो पडेल, पण हे आपले कोण, हे त्याला कळणार नाही.

मोबाइलवरची ॲप तर यादीहून एक पायरी खाली. 'अलबेला' लावले की पुढे पन्नाशीच्या दशकातलेच दुसरे लोकप्रिय गाणे येते, मग तिसरे. ॲपला एवढेच ठाऊक असते की हे ऐकणारे लोक तेही ऐकतात. त्याला साम्य कळते, नाते कळत नाही. 'शोला जो भडके'नंतर आर्मस्ट्राँग लावणारे लोक फार थोडे, म्हणून ॲप आर्मस्ट्राँग लावणार नाही, आणि लावणार नाही म्हणून असे लोक आणखी थोडे होणार. हे रिंगण मोडायला माणसाने कुतूहलाने विचारलेला एक प्रश्न पुरतो.

साठच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये हे घडलेले आहे. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या लाँग प्ले तबकडीवर चौदा गाणी होती आणि त्यातली सहा दुसऱ्यांची होती. आर्थर अलेक्झांडर, शिरेल्स, कुकीज, आयझली ब्रदर्स अशा कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-गायिकांनी आधी गायलेली. गाण्याखाली कंसात छापलेले लेखकाचे नाव पाहून, 'हे लेनन-मॅकार्टनी नाहीत, मग हे कोण?' असे ज्यांनी विचारले त्यांच्यापुढे एक अख्खा देश उघडला. कंसातली ती ओळ म्हणजे आमच्या आजीच्या पुस्तकातली 'चाल'च की! रोलिंग स्टोन्सनी तर बँडचे नावच मडी वॉटर्स या अमेरिकी ब्लूज गायकाच्या गाण्यावरून घेतले. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात यायचे त्यांनी हाउलिन वुल्फ या तिथल्याच कृष्णवर्णीय ब्लूज गायकालाही बोलावण्याच्या अटीवर कबूल केले, आणि तो गात असताना ते त्याच्या पायाशी बसले. त्याच्याच देशातल्या गोऱ्या पोरांना हाउलिन वुल्फ कोण हे विलायतेच्या पोरांनी दाखवावे, यात अमेरिकेची शरमही आहे आणि या वाटेची ताकदही. स्टोन्सच्या मिक जॅगरने जे घेतले ते त्याने परत फेडले का, यावर वाद होईल, व्हावाही. पण तो वाद घालायला हाउलिन वुल्फ ऐकलेला असावा लागतो.

आपल्या संगीतकारांनी असे किती वेळा केले? फार कमी वेळा, आणि ही तक्रार मी मनापासून करते. आजचे मराठी संगीतकार मुलाखतीत 'मी सगळ्यांकडून शिकलो' असे म्हणून मोकळे होतात. सगळ्यांकडून म्हणजे कोणाकडून? कुठल्या गाण्याचा कुठला तुकडा तुम्ही तरुणपणी शंभरदा ऐकलात? ते सांगा. त्याने तुम्ही लहान होणार नाही. तुमचे वीस वर्षांचे श्रोते दुसऱ्याच दिवशी तो तुकडा शोधायला निघतील. चोरीच्या आरोपाची भीती वाटते म्हणून ते गप्प बसतात, आणि ती भीती त्या दुभागलेल्या पडद्यांनी घातलेली आहे. 'चोरी पकडली' म्हणून जे ओरडतात, त्यांनी उजवीकडचे गाणे तर पुरते ऐकवले नाहीच, वर पुढच्या संगीतकारांची तोंडेही बंद केली.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता माझ्या भाच्याने. वय एकोणीस, इंजिनीअरिंगला आहे, गिटार वाजवतो. वाद विझल्यावर मी त्याला वेगळा फोन केला आणि ही सगळी वंशावळ सांगितली, हळदोणे, ताज, वेदरफर्ड, सगळे. तो बराच वेळ ऐकत राहिला. मी त्याला आर्मस्ट्राँगचे १९२८ चे 'वेस्ट एंड ब्लूज' पाठवले. त्याची सुरुवात नुसत्या ट्रंपेटची आहे, साथीला कोणी नाही, दहा-बारा सेकंदांचा एकट्याचा आलापच म्हणा ना. रात्री अकराला त्याचा मेसेज आला: 'मावशी, ती सुरुवात मी आठ वेळा ऐकली. आणि खाली लिहिलंय की हे गाणं किंग ऑलिव्हरचं आहे. हा कोण?'

आर्मस्ट्राँगचा गुरू, मी लिहिले.